दारावरचा भार : लिंटेलची सामग्री आणि तिचे शास्त्र

घर बांधणाऱ्या माणसाचे लक्ष प्रथम पायाकडे जाते, मग स्लॅबकडे. पाया खोल असावा, स्लॅब मजबूत असावा, हे कोणासही सांगावे लागत नाही. परंतु भिंत उभी राहत असताना तिच्यात जागोजागी दारे व खिडक्या सोडाव्या लागतात आणि त्या प्रत्येक ठिकाणी भिंतीचा आधार खंडित होतो. वरची भिंत, तिच्यावरचा स्लॅब, स्लॅबवरची माणसे व सामान हा सारा भार त्या पोकळीच्या माथ्यावर येतो. तो भार झेलून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पोहोचविणारी आडवी तुळई म्हणजे सरदळ. गवंड्यांच्या नित्याच्या बोलीत तिला लिंटेल म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्हीही हाच शब्द वापरीत आहोत.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकजण आज आपल्या आयुष्यातील पहिले पक्के घर बांधत आहेत, अथवा आईवडिलांच्या मातीच्या घराच्या जागी नवे घर उभे करीत आहेत. काहीजण स्वतःच बांधकामाच्या व्यवसायात आहेत. आपल्या समाजातील असंख्य हातांनी वर्षानुवर्षे इतरांच्या इमारतींवर खडी, वाळू व विटा वाहिल्या. त्या इमारती उभ्या का राहतात याचे ज्ञान मात्र त्या हातांपर्यंत क्वचितच पोहोचविले गेले. म्हणून विषय तांत्रिक असला तरी तो सर्वांना समजेल अशा रीतीने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. लिंटेलसाठी लाकूड, दगड, लोखंड आणि काँक्रीट ही द्रव्ये माणसाने का वापरली, प्रत्येकाचे सामर्थ्य कोणते व उणीव कोणती, आणि आजच्या घरात कोणती दक्षता घ्यावयास हवी, याचा आपण क्रमाने विचार करू.

दाब आणि ताण

भार सोसण्याचे मुख्य प्रकार दोन. वस्तू दोन्ही बाजूंनी दाबली गेली तर तिच्यात दाब निर्माण होतो; दोन्ही बाजूंनी ओढली गेली तर ताण निर्माण होतो. भिंत किंवा खांब यांत प्रामुख्याने दाब असतो. लिंटेलची गोष्ट निराळी आहे. त्याची दोन टोके टेकलेली असतात, मध्य अधांतरी असतो आणि वरून भार येतो. त्यामुळे ते किंचित वाकते. डोळ्यांना ते वाकणे दिसत नाही, पण ते असतेच.

वाकणाऱ्या वस्तूत काय घडते हे पाहण्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. एक लांबट खोडरबर घ्यावा आणि त्याच्या बाजूवर पेनाने समांतर उभ्या रेघा माराव्यात. मग त्याची दोन टोके धरून मध्य खाली जाईल असा तो वाकवावा. वरच्या बाजूच्या रेघा एकमेकींजवळ येतात, खालच्या बाजूच्या दूर जातात. म्हणजे एकाच वस्तूच्या वरच्या भागात दाब आहे आणि खालच्या भागात ताण आहे. लिंटेलचे सारे शास्त्र या एका निरीक्षणात सामावलेले आहे.

आता फळ्यावर लिहिण्याचा खडू घ्या. तो टेबलावर उभा धरून वरून बोटाने दाबला तर सहज तुटत नाही. तोच दोन्ही हातांत आडवा धरून किंचित वाकविला की क्षणात तुटतो. खडू दाब सोसतो, ताण सोसत नाही. दगड, वीट व साधे काँक्रीट हे सारे या बाबतीत खडूच्या जातीचे आहेत. त्यांची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारणतः दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणून दारावर अशी वस्तू आडवी ठेवली तर ती तुटते ती खालच्या पृष्ठभागापासून. लिंटेलसाठी योग्य द्रव्याचा शोध म्हणजे, थोडक्यात सांगायचे तर, खालच्या बाजूचा ताण कोण सोसील याचा शोध होय.

भार किती येतो?

दारावरच्या भिंतीचा सगळा भार लिंटेलवर येतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. विटा सांधेमोड साधून नीट रचलेल्या असतील आणि दारावरची भिंत पुरेशी उंच असेल, तर भिंत स्वतःतच एक अदृश्य कमान तयार करते आणि वरचा भार दोन्ही बाजूंना वळतो. लिंटेलवर येतो तो केवळ एका त्रिकोणातील विटांचा भार. हिशेबासाठी हा त्रिकोण बहुधा समभुज धरतात.

उदाहरणादाखल १.२ मीटर रुंदीचा दरवाजा आणि २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत घेऊ. समभुज त्रिकोणाची उंची सुमारे १.०४ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ०.६२ चौरस मीटर. वीटकामाचे वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो धरले तर त्रिकोणाचे वजन २७० किलोच्या आसपास येते. आता दरवाजाची रुंदी दुप्पट, म्हणजे २.४ मीटर करा. त्रिकोणाची रुंदीही दुप्पट, उंचीही दुप्पट. वजन चौपट, म्हणजे सुमारे १,०८० ते १,१०० किलो. शिवाय तेच वजन दुप्पट लांब गाळ्यावर आल्याने वाकविण्याचा जोर आठपट होतो. लहान खिडकीला चाललेले लिंटेल मोठ्या खिडकीला ‘जरा लांब करून’ का चालत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे. आपल्याकडील सामान्य घरात दरवाजाचा माथा ७ फुटांवर आणि स्लॅब १० फुटांवर असतो. मधे उरते केवळ ३ फूट भिंत. वरच्या उदाहरणात त्रिकोणाची उंचीच सुमारे साडेतीन फूट आहे. म्हणजे कमान तयार होण्यास पुरेशी भिंतच तेथे नाही. भिंतींवरच स्लॅब टेकलेला असेल, ज्यास आपण लोड बेअरिंगचे बांधकाम म्हणतो, तर अशा घरात स्लॅबचा भारही लिंटेलवर येतो. याउलट कॉलम आणि बीम यांच्या सांगाड्याच्या घरात स्लॅब बीमवर असतो. तेथे लिंटेलला भरीव भिंतीपुरताच भार सोसावा लागतो. दोन्ही घरांत लिंटेल दिसावयास सारखेच असते, परंतु त्यांच्यावरील जबाबदारी सारखी नसते. शेजाऱ्याच्या घरी चाललेले माप आपल्या घरी चालेलच असे नाही, ते यामुळेच.

लाकूड : जुना आणि प्रामाणिक सोबती

जुन्या घरांत दारावरची तुळई लाकडाची असे. ऐपत असेल तेथे सागाची, नसेल तेथे बाभळीची अथवा निंबाची. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे ते दाबाबरोबर ताणही चांगला सोसते. ते वजनाला हलके, कापावयास सोपे आणि सुताराच्या हाताला वळणारे. त्याचा आणखी एक मोठा गुण म्हणजे ते बहुधा सूचना देऊन मोडते. भार असह्य झाला की लाकूड आधी लवते, करकरते, त्यास चिरा पडतात. घरातील माणसांना सावध होण्यास अवधी मिळतो.

लाकडाची तुळई कशी ठेवावी यातही शास्त्र आहे. शाळेतील मोजपट्टी आडवी धरून वाकविली तर सहज वाकते, तीच कडेवर उभी धरली तर वाकत नाही. तुळईची रुंदी दुप्पट केल्यास तिचे बळ दुप्पट होते. उंची दुप्पट केल्यास चौपट होते. जुने सुतार हे गणित न मांडताही जाणत असत.

लाकडाचे शत्रू तीन : वाळवी, ओल आणि आग. भिंतीत गाडलेली टोके सर्वांत आधी कुजतात, कारण तेथे ओल साचते आणि वारा लागत नाही. मध्यभाग सुस्थितीत दिसतो, टोक मात्र आतून पोकळ झालेले असते. ज्यांच्या घरी अद्याप लाकडी तुळया आहेत त्यांनी पावसाळ्यापूर्वी त्यांची टोके हातोडीने हलकेच ठोकून पाहावीत. भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला तर तेथे तातडीने टेकू द्यावा आणि जाणकारास दाखवावे.

दगड : बलवान, परंतु अबोल

महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागावर काळ्या पाषाणाचे थर पसरलेले आहेत. हा दगड दाबाला अत्यंत बलवान आहे. म्हणून जोती, भिंती, घाट व किल्ले यांसाठी तो सर्वत्र वापरला गेला. दारावर आडवा टाकल्यावर मात्र त्याची मर्यादा उघड होते. दगडी तुळई लवत नाही, करकरत नाही. भार मर्यादेपलीकडे गेला की एकाएकी दुभंगते. आपल्या प्राचीन पाथरवटांनी ही मर्यादा नेमकी ओळखली होती. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांत खांब इतके जवळजवळ का असतात, याचे मुख्य कारण हेच आहे. दगडी तुळईचा गाळा लांब ठेवता येत नाही. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेली जी दगडी हस्ते दिसतात, ती शोभेसाठी तर आहेतच, पण त्यांच्यामुळे तुळईचा उघडा गाळाही कमी होतो.

लाकडाकडून दगडाकडे झालेला प्रवास पाहावयाचा असेल तर सांचीची तोरणे पाहावीत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या या तोरणांत दोन खांबांवर एकावर एक अशा तीन आडव्या तुळया आहेत. त्यांची घडण पाहताच ध्यानात येते की ही रचना मूळची सुताराची आहे. पाथरवटाने ती वालुकाश्मात उतरविली. लाकडी कुंपण, लाकडी कठडे, लाकडी तोरण यांचे आकार दगडाने जसेच्या तसे घेतले. दक्षिण तोरणावरील एका लेखात विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी तेथील कोरीव काम केल्याची नोंद आहे. त्याच तोरणाच्या एका तुळईवर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. राजाचे नाव तेथे आले आहे ते कारागिराची ओळख सांगण्यासाठी. बांधणाऱ्याचे नाव त्या तुळईवरच कोरलेले असावे, ही गोष्ट बांधकामाच्या व्यवसायातील आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आपल्या सह्याद्रीतील लेण्यांत याची दुसरी बाजू दिसते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दारांवर वेगळी तुळई बसविलेली नाही. तेथे अखंड डोंगरातून दार कोरून काढले आहे. दारावरचा खडक हाच दाराचा माथा. आणि त्या कोरीव चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या जोडलेल्या आहेत, ज्यांची भार सोसण्यासाठी काहीच गरज नव्हती. कार्ल्यास त्यांपैकी कित्येक आजही पाहावयास मिळतात. दगडात काम करणाऱ्यांच्या मनात लाकडी बांधणीची स्मृती किती खोलवर होती, याचा तो पुरावा आहे.

आजही ग्रामीण भागात शहाबादी अथवा कडप्प्याची फरशी लहान खिडकीवर लिंटेल म्हणून टाकलेली आढळते. कोनाड्यावर किंवा फूटभर झरोक्यावर ती चालून जाते. परंतु तीन-चार फुटांच्या खिडकीवर, वर भिंत आणि स्लॅब असताना, अशी पातळ फरशी ठेवणे म्हणजे धोका पत्करणे होय. फरशी जितकी पातळ, तितके तिचे बळ झपाट्याने कमी होते. जाडी निम्मी झाली तर बळ चौथ्या हिश्श्यावर येते.

कमान आणि लोखंड

दगड-विटांची ताणातील उणीव दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे ताण निर्माणच होऊ न देणे. तो मार्ग कमानीचा. कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेला दाबते, आणि भार दाबाच्याच रूपाने दोन्ही बाजूंना उतरतो. जुन्या वाड्यांचे दरवाजे, वेशी व पूल यांत याचे सुरेख नमुने आहेत. परंतु कमान बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलते. तेथे जाड भिंत नसेल तर कमान फाकते. शिवाय तिला उंची लागते. लहान खोल्यांच्या आणि पातळ भिंतींच्या घरात म्हणून ती मागे पडली.

दुसरा मार्ग ताण सोसणाऱ्या धातूचा. ओडिशातील कोणार्कच्या तेराव्या शतकातील सूर्यमंदिरात दगडांना आधार देण्यासाठी घडीव लोखंडाच्या मोठ्या तुळया वापरल्या होत्या. पुढे कारखान्यांतून पोलादी गर्डर व अँगल मिळू लागले आणि शहरांतील जुन्या इमारतींत दारांवर ते सर्रास बसविले गेले. पोलाद दाब आणि ताण दोन्ही उत्तम सोसते. त्याचा शत्रू म्हणजे गंज. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. भिंतीत दडलेला गर्डर गंजून फुगला की तो भोवतीचे बांधकाम फोडतो. आगीतही पोलाद फार लवकर आपले बळ गमावते.

सळई आणि काँक्रीट यांची जोडी

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए या माळ्याने बागेतील कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालण्याचे पेटंट १८६७ साली घेतले. अशा प्रयत्नांतून सळईयुक्त काँक्रीट, म्हणजे आपण ज्यास आर.सी.सी. म्हणतो, ते आकारास आले. आज आपल्या घरातील जवळजवळ प्रत्येक लिंटेल याच द्रव्याचे असते.

या जोडीचे यश श्रमविभागणीत आहे. वरच्या भागातील दाब काँक्रीट सोसते, खालच्या भागातील ताण सळई सोसते. दोघांचे जमते याची कारणे तीन. उष्णतेने दोघे जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्यात एकमेकांपासून सुटत नाहीत. काँक्रीट सळईला घट्ट धरून ठेवते. आणि सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील सळई गंजापासून सुरक्षित राहते.

येथेच सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. लिंटेलमधील मुख्य सळई खालच्या बाजूस असली पाहिजे. ती मध्यभागी गेली तर तिचा उपयोग बराच कमी होतो. चुकून वर गेली आणि खाली सळईच नसली, तर खालच्या भागात उरते केवळ काँक्रीट, म्हणजे खडू. सिमेंट उत्तम, सळई महागाची, मजुरी पूर्ण. तरीही लिंटेल कमकुवत. वरच्या बाजूस ज्या दोन बारीक सळया असतात त्या मुख्यतः रिंगा अडकविण्यासाठी असतात. रिंगांचेही काम मोठे आहे : टेकणाजवळ लिंटेल तिरके फाटू पाहते, ते फाटणे रिंगा रोखतात.

बाजारात मिळणाऱ्या तयार लिंटेलबाबत तर ही दक्षता अधिकच हवी. ओतून वाळल्यावर त्याची वरची व खालची बाजू सारखीच दिसते. ज्या तयार लिंटेलमध्ये मुख्य सळई एकाच बाजूस आहे, ते उलटे बसले तर त्याचे बळ जवळजवळ संपलेच. म्हणून ओतताक्षणीच वरच्या बाजूवर ठळक खूण करावी आणि बसविताना ती खूण वर आहे याची खातरजमा करावी.

छज्जा : जेथे नियम उलटतो

खिडकीवर ऊन-पावसासाठी छज्जा असतो आणि तो बहुधा लिंटेलबरोबरच ओतला जातो. छज्जाला आधार एकाच बाजूने, भिंतीकडून असतो. दुसरी कड मोकळी असते. त्यामुळे तो खाली झुकू पाहतो आणि ताण येतो तो वरच्या पृष्ठभागात. म्हणून छज्जाची मुख्य सळई वर असली पाहिजे. दोन-तीन फुटांच्या अंतरात नियम असा उलटतो : लिंटेलची सळई खाली, छज्जाची वर.

बांधकामावर येथेच घात होतो. सळई बरोबर वर बांधलेली असते. काँक्रीट ओतताना कोणी तिच्यावर पाय ठेवतो, ती दबून तळाशी जाते. वरून काँक्रीट पसरले की काही दिसत नाही. असा छज्जा आधार काढताच किंवा काही वर्षांनी, त्यावर कोणी उभे असताना, मुळाशी तुटून खाली येतो. दुसरा धोका असा की छज्जा आपल्या वजनाने लिंटेलला पिळतो आणि त्यास उलथवू पाहतो. त्याला तोलून धरते ती लिंटेलवरची भिंत. ती भिंत बांधली जाण्यापूर्वी छज्जाचे टेकू काढले तर लिंटेलसह छज्जा कलंडू शकतो. टेकू काढण्याची घाई म्हणून कधीही करू नये.

भूकंप आणि लिंटेलचा पट्टा

आजवर आपण वरून खाली येणाऱ्या भाराचा विचार केला. भूकंपात घर आडवे हलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसांचे प्राण घेतले. तेथील घरांच्या भिंती जाड होत्या, पण दगड व माती यांच्या. माथ्यावर मातीचे जड माळवद. आतला आणि बाहेरचा थर जोडणारे आरपार दगड नसल्याने भिंती उभ्या चिरल्या, कोपरे उघडले आणि जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. भिंतीच्या जाडीला माणसे मजबुती समजत होती. खरी उणीव भिंती एकमेकींना बांधलेल्या नसण्यात होती.

या उणिवेवरील एक उपाय लिंटेलच्याच पातळीवर आहे. प्रत्येक दारावर सुटे लिंटेल टाकण्याऐवजी त्या पातळीवर सर्व भिंतींवरून, आतल्या भिंतींसह, सळईयुक्त काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावयाचा. दारा-खिडक्यांवर तोच पट्टा लिंटेलचे काम करतो. तेथे मात्र गाळ्याच्या मानाने जादा सळई व जाडी द्यावी लागते. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात, म्हणजे भारतीय मानक ४३२६ मध्ये, याची तपशीलवार तरतूद आहे. पट्टा भिंतीच्या पूर्ण रुंदीचा असावा, दोन सळयांच्या पट्ट्याची जाडी किमान ७५ मिलिमीटर असावी आणि सळया ६ मिलिमीटरच्या आडव्या कड्यांनी १५० मिलिमीटर अंतरावर बांधाव्यात. कोपऱ्यात सळई तोडू नये. ती वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी लांब न्यावी. कोपऱ्यात तुटलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला कंबरपट्टा. वेगवेगळ्या भिंती एकत्र बांधणारा हा पट्टा एकूण घरखर्चाच्या मानाने अल्प खर्चात होतो. भार सोसणाऱ्या भिंतींचे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने तो अवश्य घालावा.

घर बांधणाऱ्याने काय पाहावे?

गाळा मोठा असेल, लिंटेलवर बीम टेकणार असेल किंवा वर मजला चढणार असेल, तर अभियंत्याकडूनच माप व सळई ठरवून घ्यावी. त्याला पर्याय नाही. मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वी पुढील गोष्टी घरातील कोणीही, शाळकरी मुलगीसुद्धा, स्वतः पाहू शकते.

१. मुख्य सळई लिंटेलमध्ये खाली आणि छज्जात वर आहे ना?

२. सळई साच्याच्या फळीला चिकटलेली नाही ना? तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवलेले असावेत. कव्हर किमान २० मिलिमीटर; पाऊस लागणाऱ्या ठिकाणी ३० मिलिमीटर असणे इष्ट. दगडाचा किंवा विटेचा तुकडा कव्हर म्हणून ठेवू देऊ नये.

३. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकण पुरेसे आहे ना? लहान गाळ्यासही प्रत्येक बाजूस १५ सेंटिमीटरहून कमी नसावे. गाळा वाढेल तसे अधिक हवे.

४. काँक्रीट एम-२० या प्रतीचे असावे. हाताने माल कालविताना हे प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे धरतात. ५० किलोच्या एका गोणीस ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल ओतावयास सोपा असतो, पण जादा पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी पोकळ्या राहतात.

५. ओतताना माल सळईने वा यंत्राने नीट ठोसला जातो ना? साचा काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसली तर वरून गिलावा करून ती झाकू देऊ नयेत. आधी अभियंत्यास दाखवावे.

६. किमान ७ दिवस, आणि कोरड्या कडक उन्हाळ्यात १० दिवस, पाणी मारून ते सतत ओले ठेवावे. सिमेंट वाळून कठीण होत नाही. पाण्याशी संयोग होऊन कठीण होते.

७. भारतीय मानक ४५६ नुसार ६ मीटरपर्यंतच्या तुळईचे टेकू साधारणपणे १४ दिवस ठेवावयाचे असतात. लिंटेलसाठीही हीच मर्यादा पाळणे सुरक्षित. छज्जाचे टेकू वरची भिंत झाल्यावरच काढावेत.

घरात राहावयास आल्यानंतरही लिंटेल आपल्याशी बोलत असते. मध्यभागी खालून वर जाणारी उभी भेग वाकण्याचा जोर जास्त झाल्याचे सांगते. टोकाजवळची तिरपी भेग रिंगा अपुऱ्या असल्याचे किंवा भार अधिक असल्याचे सुचविते. सळईच्या रेषेत जाणारी आडवी भेग आणि तांबूस डाग म्हणजे आत गंज सुरू झाला. दाराच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी वर जाणारी भेग टेकण कमी असल्याची किंवा पाया खचत असल्याची खूण असू शकते. गिलाव्यातील केसासारखी बारीक भेग निराळी. परंतु जी भेग रुंदावत जाते तिच्यावर रंग देणे हा उपाय नव्हे. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी. दोन महिन्यांनी भेग खुणेच्या पुढे गेली असेल, तर अभियंत्यास बोलवावे.

समारोप

लाकूड, दगड, लोखंड, काँक्रीट यांपैकी कोणतेही द्रव्य स्वभावतः चांगले वा वाईट नाही. प्रत्येकाला काही सोसते, काही सोसत नाही. जे ज्याला सोसते ते काम त्यास दिले की घर उभे राहते. तसे केले नाही की उंची सामानही फुकट जाते. किल्लारीच्या जाड भिंती आणि तळाशी दबलेली छज्जाची सळई या दोन्हींतून मिळणारा धडा एकच आहे : सामानाचा खर्च ज्ञानाची उणीव भरून काढीत नाही.

हे ज्ञान कठीण नाही. एक खोडरबर आणि एक खडू घेऊन सातवीच्या वर्गात ते शिकविता येते. या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्या गावी, वस्तीत अथवा नात्यात कोठे घर बांधले जात असेल तर काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी तेथे जावे, साच्यात डोकावून पाहावे आणि सळई कोणत्या बाजूस आहे ते विचारावे. ती चुकीच्या बाजूस असेल तर त्या संध्याकाळी दुरुस्तीस अर्धा तास लागतो. दुसऱ्या दिवशी माल ओतला की ती चूक घराबरोबर राहावयास येते.